तीन बोटं माया

दाजी,

तुमच्या फोटोला हार घालायच्या आधी मी तुम्हाला थोडं उजळ केलं. थोडं म्हणतो, पण बरंच केलं. कॉम्प्युटरवर एक पट्टी असते, ती उजवीकडे सरकवली की माणूस गोरा होत जातो. ती सरकवताना माझा हात थांबला नाही. डोळ्यांखालची वर्तुळं पुसली, कपाळावरचा घाम पुसला, कानातून बाहेर आलेले चार केसही काढले. दहाव्याच्या आदल्या दिवशी फ्रेम करून आणली आणि अक्कासमोर ठेवली. अक्का आठ दिवस भिंतीकडे बघत बसलेली. तिनं चष्मा लावला, फ्रेम मांडीवर घेतली, खिडकीकडे वळवून बघितली आणि म्हणाली, "हे कोण?"

"दाजी."

"हे? हे इतके गोरे असते, तर लग्नात मी एवढी रडले असते का?"

आणि ती हसली, दाजी. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसली आणि हसता हसता मग दुसरंच सुरू झालं. मी फ्रेम उचलून तसाच दुकानात गेलो आणि तुम्हाला तुमचा रंग परत दिला. घामही ठेवला. कानातले केस मात्र एकदा गेले ते गेले, तेवढी माफी असावी.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "मेव्हणे, तुमचा हात जड." पंचवीस वर्षांत हे वाक्य मी तुमच्याकडून किती वेळा ऐकलं त्याचा हिशेब नाही. जेवताना मीठ वाढलं तरी तेच, फोटोत आभाळ रंगवलं तरी तेच. बायकोच्या धाकट्या भावाला 'अहो-जाहो' करून इतकं खाली बसवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आज लिहायला बसलो ते मात्र तुमच्या गोऱ्या रंगासाठी नाही. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली होती. म्हणजे तुम्हाला ती ठाऊक होती, मला ठाऊक होतं की तुम्हाला ठाऊक आहे, आणि तरी आपण दोघं बावीस-तेवीस वर्षं तिच्या कडेकडेनं चालत राहिलो. ती आता अक्काला सांगून झाली. त्यातून जे निघालं, ते तुम्हाला कळायलाच पाहिजे.

जालना जिल्हा झाला त्या वर्षीची गोष्ट. नवीन जालन्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर तुमचा स्टुडिओ. पुढच्या अर्ध्यात पडदा आणि दिवे, मागच्या अर्ध्यात अक्काचं शिलाई मशीन. पुढं नवरा-नवरी फोटोला बसायचे, मागं त्याच नवरीचे ब्लाऊज शिवले जायचे. मी बी.ए.ला दुसऱ्यांदा बसून दुसऱ्यांदा उठलो होतो आणि बहिणीच्या घरी 'अभ्यासाला' राहत होतो. एक दिवस तुम्ही चहा पिता पिता म्हणालात, "आपला जिल्हा येगळा झाला. मंग जिल्ह्याचा एक फोटो पाहिजे का न्हाई?"

मी म्हणालो, "दाजी, जिल्हा फोटोत कसा मावंल?"

"एका फोटोत न्हाई मावणार. सातांत मावंल."

तिथून ते खूळ सुरू झालं. कॅमेरा एका जागी ठेवायचा, थोडा थोडा फिरवत एकाशेजारी एक फोटो घ्यायचे आणि ते जोडून एक लांबलचक पट्टा करायचा. त्याला पॅनोरमा म्हणतात हे आपल्याला पुष्कळ वर्षांनी कॉम्प्युटरनं सांगितलं. तेव्हा आपल्यात त्याला 'पट्टा' म्हणत. पहिला पट्टा तुम्ही स्टेशनच्या पुलावरून काढला. फोटो कडेला कड लावून चिकटवले आणि बघितलं तर मालगाडीचा डबा मधेच तुटलेला, एक खांब गायब आणि एका हमालाला पाय तीन. तुम्ही तासभर त्या पट्ट्यापुढं बसून होतात. अक्का मशीनवरून उठून आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"माया कुठंय?" ती म्हणाली.

तुम्हाला वाटलं, ती संसाराविषयी बोलतेय. तुमचा चेहरा पडला.

"अहो, शिवणीतली माया. दोन तुकडे जोडायचे म्हणल्यावर दोन्हीकडं जास्तीचं कापड सोडावं लागतंय. कडेला कड लावून शिवण बसत असती का कुठं? ह्या फोटोत जे शेवटी हाये, ते पुढल्या फोटोत सुरुवातीला परत येऊ द्या. मंग कापा कुठंबी."

"किती सोडायची?"

अक्कानं तीन बोटं तुमच्या फोटोवर आडवी ठेवली. "एवढी. ब्लाऊजला एवढी लागत न्हाई. पण तुमचा हात नवा हाये."

त्या दिवसापासून तुमच्या धंद्यात तो शब्द आला. तुम्ही सुताराकडून स्टँडवर बसणारी लाकडी चकती करून घेतली आणि तिच्या कडेला खाचा पाडल्या. एकेक खाच पुढं फिरवली की शेजारच्या दोन फोटोंत बरोबर तीन बोटं माया राहायची. पुढं कुणी कौतुक केलं की तुम्ही म्हणायचात, "फोटो माझा, माया तिची." अक्का मशीनवरून न बघता म्हणायची, "हा, अन् धागाबी माझाच."

मग जिल्ह्याचा पट्टा. त्यासाठी तुम्ही आमच्या अंबडकडच्या गावामागची टेकडी निवडली. वरून तीन गावांची रानं दिसतात, त्याला तुम्ही जिल्हा म्हणालात. आपल्यात कुणी हरकत घेतली नाही. संक्रांत होऊन गेलेली. ज्वारी हुरड्याला आलेली, मधे करडईचे पट्टे, कुठं नांगरून टाकलेलं काळं रान. टेकडीच्या पायथ्याला ती चिंच. तुम्ही अक्काला म्हणालात, "सुमन, तू त्या चिंचंखाली उभी राहा. माणूस नसला तर रान केवढं हाये ते कळायचं कसं?"

"म्हंजे मी मापाला?"

"मापाला म्हण."

"दिसंल तरी का मी?"

"दिसशील की. ज्वारीच्या दाण्याएवढी दिसशील, पण दिसशील."

तिनं पोपटी साडी नेसली होती, लाल काठाची. भाकरीचं गठुडं तिच्याच हातात होतं. ते फोटोत नको म्हणून तुम्ही तिला पायवाटेच्या कडेला ठेवायला लावलंत, चिंचेपासून वीसएक पावलांवर. वारा असा होता की वरून हाक मारली तर ती आपल्याच तोंडात परत यायची. म्हणून ठरलं असं, की माझ्या हातात माझा रुमाल, ती लाल दस्ती. अक्कानं हलायचं नाही, पापणीसुद्धा जपून लववायची. मी दस्ती हलवली की मोकळी. मी दस्ती केव्हा हलवायची? तुम्ही सांगाल तेव्हा.

बी.ए.ला दोनदा बसलेल्या माणसाला याहून सोपं काम देता आलं नसतं.

पहिली खाच, दुसरी, तिसरी. चौथ्या खाचेला चिंच आली, चिंचेखाली अक्का आली, तुम्ही खटका दाबलात. आणि माझ्या डोक्यात आलं की अक्काचा फोटो झाला. पोटात कावळे ओरडत होते, भाकरी खाली होती, आणि भाकरीची मालकीण जितक्या जल्दी मोकळी होईल तितकं बरं. मी दस्ती हलवली. पाचव्या फोटोतही तीन बोटं मायेत चिंच परत येणार आहे, अक्काही परत येणार आहे, हे ज्या घरात तो शब्द जन्मला त्याच घरात जेवणाऱ्या माणसाला आठवलं नाही. तुमची मान कॅमेऱ्यात. त्यात एक ढग उन्हावर आला. सगळ्या फोटोंना ऊन सारखं पाहिजे म्हणून तुम्ही तो सरकायची वाट पाहिलीत आणि मग पाचवा काढलात. अक्का तोवर चालायला लागलेली. मी ते पाहिलं आणि गप्प बसलो. तुम्हाला परत काढायला सांगितलं असतं तर अजून अर्धा तास भाकरी नव्हती.

तीन आठवडे तुम्ही तो पट्टा करत होतात. तेव्हा रंगीत रोल आपल्याकडं नव्हता. काळेपांढरे फोटो मोठे करायचे, कात्रीनं कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचे आणि कापसाच्या बोळ्यानं हातानं रंग भरायचा. सांधा झाकायची तुमची एक खोड होती. कात्री आभाळातून कधी मोकळी न्यायची नाही, खाली बांध किंवा झाडाचा बुंधा धरायचा आणि त्याच्या रेषेत वरपर्यंत जायचं. आणि रंग आठवणीनं भरायचा नाही. टेकडीवर तुम्ही वहीत खाचेप्रमाणे रंग लिहून आणले होते. मी हसलो होतो त्या वहीला. 'खाच दोन: करडई, पिवळी, कडेला जळकी. खाच सहा: नांगरट, वरून वाळली, खाली ओली.' किराणा यादीसारखं.

पट्टा झाला. पाच फूट लांब. तुम्ही तो दुकानात बाकावर आडवा ठेवलात आणि अक्काला हाक मारलीत. ती हात पुसत आली, डावीकडून बघत बघत निघाली, गाव ओळखत, विहिरी ओळखत. चिंचेपाशी थांबली. वाकली. अजून वाकली.

"मी कुठंय?"

तुम्ही भिंग घेतलंत. चिंच होती. चिंचेची सावली होती. सावलीत कुणी नव्हतं.

तुम्ही आत गेलात, निगेटिव्ह उजेडाला धरून बघितलीत. बाहेर येऊन एकदा माझ्याकडं पाहिलंत. मी पंख्याकडं बघत होतो. थंडीचे दिवस, पंखा बंद, तरी मी त्याची पाती मोजत होतो.

"चुकलं माझं," तुम्ही म्हणालात. "कात्री भलतीकडून गेली. तू कापली गेलीस."

"तासभर उन्हात उभं केलं," अक्का म्हणाली. "नवी साडी."

"परत करतो. दुसरे कागद काढतो."

"ऱ्हाऊ द्या. जिल्हा आला ना सगळा? बास."

संध्याकाळी दुकान बंद करताना कुलूप लावता लावता तुम्ही सहज विचारलंत, "मेव्हणे, दस्ती कवा हलवली होती?"

"बराबर हलवली होती की."

"हा," तुम्ही म्हणालात आणि कुलूप ओढून बघितलंत.

तेवढंच. त्यानंतर तुम्ही दस्तीचं नाव काढलं नाही आणि मी दस्ती वापरायची सोडली.

पट्टा दुकानात दर्शनी लागला. खेड्यातून आलेली माणसं स्वतःचा फोटो काढायचा विसरून त्यात आपली रानं शोधायची. एका शेतकऱ्याला त्याचा बैल सापडला. तो वर्षभर पाहुण्यांना घेऊन बैल दाखवायला येत होता. आणि अक्का, आल्या-गेल्याला चहा देता देता, "जिल्ह्यातला बैलसुद्धा आला, फोटोग्राफरची बायको तेवढी न्हाई." सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात. पण त्यानंतर अक्का तुमच्या कॅमेऱ्यापुढं उभी राहिली नाही, हे हसणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. लग्नकार्यात तुम्ही कॅमेरा वळवलात की ती वाढायला निघून जायची. "एकदा उभी राह्यले होते," एवढंच म्हणायची. रागानं नाही, नको म्हणायची एक सवय लागते तशी. तुम्ही अख्ख्या जालन्याच्या बायका सजवून बसवल्यात आणि घरात बायकोचा फोटो म्हणजे रेशनकार्डाच्या कामाला काढलेला एक. त्यातही ती कपाटाकडं बघतेय.

दर वेळी मला वाटायचं, आत्ता सांगावं. दर वेळी समोर चहा यायचा आणि चहाबरोबर काहीतरी खायला. माझा इतिहासच तो आहे.

मग कॉम्प्युटर आला. मी तोवर बियाणांच्या एका कंपनीत कारकून झालो होतो. तिथं कपाशीच्या प्लॉटचे फोटो जोडायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि मी ते शिकलो. कात्री नाही, डिंक नाही, सात फोटो दिले की मशीन स्वतःच माया शोधतं आणि शिवण घालून देतं. तुम्हाला दाखवलं तेव्हा तुम्ही खुर्ची ओढून जवळ बसलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "त्याला कोणी सांगितलं, सुमननं?"

आपण दोघं परत त्या टेकडीवर गेलो, नवा कॅमेरा घेऊन. तुमचे गुडघे गेलेले, माझं पोट आलेलं. दोघं मिळून एक माणूस वर पोचला असं म्हणू. आता लांब अंकुशनगरच्या कारखान्याची चिमणीही दिसत होती. ते फोटो मी जोडले आणि रंगाची पट्टी उजवीकडे नेली. ज्वारी हिरवीगार, आभाळ निळंशार. मला वाटलं, तुम्ही पाठ थोपटाल.

"हे रान कुणाचंय?" तुम्ही विचारलंत.

"आपलंच."

"आपलं? आपल्याकडं आभाळ कवा निळं असतंय? पोळा झाल्यावर आठ दिवस. बाकी वर्षभर धुतल्या धोतराचा रंग. अन् ही ज्वारी न्हाई, मेव्हणे, ही मेथीची जुडी हाये."

"लोकांना असंच आवडतं आता."

"लोकांना आवडंल. रानाला वळखू येईल का?"

त्यावरून आपलं दोन वर्षं चाललं. मी पट्टी उजवीकडे नेऊन चहाला उठलो की तुम्ही ती डावीकडे आणायचात. शेवटी काळ्या रानाचा रंग कुठला यावर बोलणं बंद होईपर्यंत मजल गेली. मी म्हणालो काळा. तुम्ही म्हणालात, शाळेतल्या पाटीवर ओलं फडकं फिरवून दोन मिनिटं झाल्यावर जो राहतो तो. मी चिडून खरंच पाटी आणली, ओलं फडकं फिरवलं, घड्याळ लावलं. तुमचंच बरोबर निघालं. त्या दिवशी तुम्ही चहात साखर जास्त घातलीत, म्हणजे विजय साजरा केलात. तुमच्यापुढं हरणं मला नेहमीच परवडलं, दाजी. हरलो की काहीतरी येत असे.

एकच भांडण मात्र राहून गेलं. मी म्हणालो होतो, "जुन्या पट्ट्यात अक्काला परत बसवू. कुणी पाहुण्यानं काढलेल्या फोटोतली घेऊ, चिंचेखाली ठेवू. कळणारसुद्धा नाही." तुम्ही एकदम गंभीर झालात.

"दुसरीकडची सुमन उचलून तिथं ठेवायची? ते सोंग झालं."

"मग जुन्या निगेटिव्ह द्या. बघू त्यात काय आहे."

"त्या हरवल्या."

तुमच्याकडची निगेटिव्ह हरवते? एकोणीसशे कितीतरी सालच्या लग्नातल्या वरमाईचा फोटो दहा मिनिटांत काढून देणारे तुम्ही. मला कळलं आणि मी जोर केला नाही. त्या निगेटिव्हमध्ये माझ्या दस्तीचा पुरावा होता. माझी पत राहावी म्हणून तुम्ही त्या हरवल्या होत्या.

तुम्ही गेलात त्यानंतर पंधरा दिवसांनी अक्कानं मला तुमची हाताच्या रंगांची पत्र्याची पेटी आवरायला दिली. रंगांच्या वाळलेल्या बाटल्या, कापूस, तळाशी एक पाकीट. पाकिटात सात निगेटिव्ह आणि ती वही.

चारला दुकानाचं दार ओढून घेतलं आणि एकेक निगेटिव्ह स्कॅनरवर ठेवली. चौथीत चिंचेखाली अक्का. सरळ उभी, एक हात डोळ्यांवर, सांगितलं तशी. पाचवीतही अक्का, पण चिंचेपासून डावीकडं, पायवाटेवर, एक पाऊल उचललेलं. तुमची कात्री त्या दोघींच्या मधून बांधाच्या रेषेत गेली होती. बांधाच्या डावीकडचा कागद चौथ्या फोटोतला, तिथं ती अजून पोचली नव्हती. उजवीकडचा पाचव्यातला, तिथून ती निघून गेली होती. दोन फोटोंत दोनदा असलेली बाई पट्ट्यात एकदाही आली नाही, ती अशी.

मी सातही फोटो मशीनला जोडायला दिले. मशीनला नातं कळत नाही. त्यानं मायेच्या भागात दोन्ही फोटो एकमेकांत विरघळवले आणि पडद्यावर दोन पुसट अक्का उमटल्या, एक चिंचेखाली आणि एक वाटेवर, दोघींच्या आरपार रान दिसतंय. मी मागच्या खोलीत जाऊन अक्काला हात धरून आणलं आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं. बसलो असतो तर चहा आला असता.

"अक्का, त्या दिवशी दाजींची कात्री चुकली नव्हती. मी दस्ती लवकर हलवली. मला भूक लागली होती. तू दस्ती बघून निघालीस म्हणून तू कापली गेलीस. दाजींना माहीत होतं. माझ्यावर येऊ नये म्हणून त्यांनी स्वतःवर घेतलं."

अक्का पडद्याकडे बघत होती. तिनं चष्मा वर केला, खाली केला.

"कोणती दस्ती?"

"लाल. मी हलवली ती."

"मी कुठं बघितली दस्ती? डोळ्यावर ऊन होतं, टेकडी नुसती पांढरी दिसून राह्यली होती. तू दिसत नव्हतास का तुझी दस्ती दिसत नव्हती."

"मग तू निघालीस कशी?"

तिनं बोट पडद्यावर टेकवलं. वाटेच्या कडेला एक बारीक डाग होता. निगेटिव्हवरचा ओरखडा म्हणून मी तो पुसायच्याच बेतात होतो.

"हात लावू नको त्याला," अक्का म्हणाली. "ते कुत्रं हाये. गठुड्याकडं चाललं होतं. मी ह्यांचा जिल्हा बघू का तुमच्या भाकरी बघू?"

दाजी, मी डाग मोठा करून बघितला. त्याला शेपूट होती.

तेवीस वर्षं. तुम्ही माझ्यासाठी कात्री स्वतःवर घेतली, मी तुमच्यासमोर दस्ती वापरायची सोडली आणि दोष होता एका कुत्र्याचा. मी हे म्हणालो तेव्हा अक्का म्हणाली, "त्यांनी तवाच विचारलं असतं, तर तवाच सांगितलं असतं. पण मला वाटलं, आपण हललो म्हणून रागावतील. अन् त्यांनी आपली चूक म्हणल्यावर मीबी म्हणलं, चला, बरं झालं." आणि थोड्या वेळानं, "मंग टोमणे मारले ते मारलेच. आता काय करतो."

म्हणजे तीही लपवत होती. तिघांनी आपापल्या परीनं दुमडून आत ठेवलं होतं, वरून शिवण सरळ दिसत होती.

मी म्हणालो, "आता एक पुसतो, एक ठेवतो. कुठली ठेवू? दाजी म्हणायचे, जे झालं नाही ते दाखवायचं नाही."

"कोणती झाली न्हाई?" अक्का म्हणाली. "त्यांनी सांगितलं म्हणून उभी होते, तीबी मीच. अन् आपल्या मनानं निघाले, तीबी मीच. दोन्ही ठेव."

मी दोन्ही ठेवल्या. मशीननं पुसट केलेल्या दोघींना त्यांच्या त्यांच्या फोटोतून परत घट्ट केलं. कात्रीला हे जमलं नसतं, कारण कात्री सरळ जाते. रंगासाठी तुमची वही उघडली. खाच चारमध्ये तुम्ही लिहिलंय, 'चिंच, नवी पालवी नाही. सुमन. पोपटी, पण दुकानातला नव्हे, एकदा धुतल्यानंतरचा. काठ लाल.' दाजी, ती साडी नवी होती. अक्का तेवीस वर्षं सांगत आली नवी साडी. मी तिला वाचून दाखवलं. तिनं वही माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, "एकदा नेसले होते आधी. घरातच. बघायला. त्यांना कळलं होतं तर."

तेवढ्या रंगावर मी चार दिवस घालवले. पट्टी उजवीकडे नेली की अक्का मागून "जास्त झालं" म्हणायची, डावीकडे नेली की "विटली" म्हणायची. मधे कुठंतरी तिनं माझ्या मनगटावर बोटं ठेवली आणि म्हणाली, "हं. थांब." कुत्र्याचा रंग वहीत नव्हता. तोही तिनं सांगितला, तांबडा. आभाळ तुमच्या म्हणण्याप्रमाणे ठेवलंय, धुतल्या धोतराचं. नांगरलेलं रान पाटीवरून फडकं फिरवून दोन मिनिटांनंतरचं. माझा हात हलका झालाय म्हणणार नाही, पण तुमच्या बायकोनं तो धरला होता.

नवा पट्टा आता दुकानात जुन्याच्या खाली लावलाय. जुना काढला नाही. तो तुमचा आहे आणि त्याच्यात अक्का नाही हेही तुमचंच आहे. मी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर येऊन बसतो. अक्कानं शिलाई मशीन मागच्या खोलीतून पुढं, पट्ट्याच्या समोरच आणलंय. उजेड चांगला येतो म्हणते.

परवा एक गिऱ्हाईक पासपोर्टचे फोटो घ्यायला आलं होतं. थांबल्या थांबल्या पट्टा बघत होतं. चिंचेपाशी त्याचं बोट अडलं.

"साहेब, फोटोत गडबड झाली वाटतं. ही एकच बाई दोनदा दिसून राह्यली."

मी काही बोलायच्या आत अक्का बोलली. पायडलवरचा पाय थांबवला नाही, सुईवरची नजर काढली नाही.

"गडबड न्हाई भाऊ. त्यांनी माया सोडली होती. आता निघाली."